ताप, थर्मामीटर आणि टॅरिफ

अमेरिकेने २०२५ मध्ये आपल्या मालावर लावलेलं ५० टक्के आयातशुल्क एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण त्याच वेळी तिथल्या दोन संस्थांवर, म्हणजे आकडे मोजणाऱ्या आणि व्याजदर ठरवणाऱ्या संस्थांवर, जो राजकीय दबाव येतोय त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. या दोन बातम्या खरं तर एकत्र वाचायला हव्यात.

शुक्रवारी, ३ ऑक्टोबर २०२५ ला, अमेरिकेची सप्टेंबर महिन्याची रोजगाराची आकडेवारी जाहीर व्हायची होती. ती त्या दिवशी झालीच नाही. खर्चाच्या विधेयकावरून तिथल्या संसदेत घोडं अडलं आणि १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज बंद पडलं. आकडे काढणारं ऑफिसच बंद, तर आकडे येणार कुठून?

शटडाऊन आज ना उद्या संपतात. पण या ऑफिसचं दुखणं त्याआधीचं आहे. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, थोडक्यात बीएलएस, हे त्याचं नाव. १ ऑगस्टला बीएलएसने सांगितलं की, जुलैमध्ये देशात फक्त ७३ हजार नोकऱ्या वाढल्या. शिवाय मे आणि जूनचे आधी दिलेले आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आणले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी बीएलएसच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून काढून टाकलं. आपल्याला वाईट दाखवण्यासाठी आकडे फिरवले, असा त्यांचा आरोप होता. पुरावा मात्र त्यांनी दिला नाही.

थोडक्यात, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला.

आता सबमिशन्स आणि इंटर्नल्स सोडून आपण वॉशिंग्टनमधल्या एका बदलीकडे कशाला बघायचं? कारण टॅरिफचं गणित आणि ही हकालपट्टी एकाच माळेतले मणी आहेत. टॅरिफ चुकलं तर ते मागे घेता येतं, कमी करता येतं. पण ते चुकलंय की नाही हे सांगणार कोण? महागाई मोजणारे, नोकऱ्या मोजणारे आणि त्यावरून व्याजदर ठरवणारे. त्यांनाच गप्प केलं, तर चूक झाल्याचं कळायचाच मार्ग बंद होतो. टॅरिफपेक्षा मला ही गोष्ट जास्त महागडी वाटते.

टॅरिफ भरतं कोण?

आधी साधं गणित. 'अमेरिकेने भारतावर ५० टक्के टॅरिफ लावलं' हे वाक्य ऐकलं की वाटतं, भारत सरकार कुठेतरी चेक फाडतंय. तसं नसतं. माल अमेरिकेच्या बंदरात उतरला की तो मागवणारा अमेरिकन व्यापारी आपल्याच सरकारच्या कस्टम्सकडे हे पैसे भरतो. मग तो तीनपैकी एक गोष्ट करतो. स्वतःचा नफा कमी करतो, गिऱ्हाइकाला किंमत वाढवून लावतो, किंवा आपल्या कारखानदाराला फोन करून सांगतो, 'भाव कमी कर, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो.' बऱ्याचदा तिन्ही थोडं थोडं होतं.

सोलापूरचं उदाहरण घेऊ. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते, पण तिथल्या टेरी टॉवेललाही जीआय मानांकन आहे आणि हे टॉवेल परदेशातही जातात. समजा, एका टॉवेलची किंमत ५ डॉलर आहे. आधीची ड्युटी बाजूला ठेवली, तरी ५० टक्क्यांनी त्यावर अडीच डॉलर चढले. तेव्हाच्या दरांनी हाच टॉवेल तुर्कस्तानातून आला असता तर १५ टक्के, म्हणजे पाऊण डॉलर. पाकिस्तानातून आला असता तर १९ टक्के, म्हणजे ९५ सेंट. अमेरिकेतल्या दुकानदाराला टॉवेल सोलापूरचा की तुर्कस्तानचा याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो बेरीज बघतो.

आपल्यावरचे हे ५० टक्के दोन हप्त्यांत आले. ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. स्मार्टफोन आणि औषधं यातून तेव्हा सुटली. सापडले ते कपडे, टॉवेल, दागिने, कोळंबी आणि चामड्याच्या वस्तू बनवणारे. हे सगळे उद्योग मशीनपेक्षा माणसांच्या हातावर जास्त चालतात, हे लक्षात घ्या. मुंबईत अंधेरीच्या सीप्झमध्ये हिरेजडित दागिने बनवणारे कारागीर आहेत आणि त्यांचं मुख्य गिऱ्हाईक अमेरिकाच. ख्रिसमसच्या आधीचे महिने त्यांच्या धंद्याचे. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला सुमारे ८६ अब्ज डॉलरचा माल विकला, म्हणजे आपल्या एकूण मालनिर्यातीचा साधारण पाचवा हिस्सा.

आणि जे टॉवेल विणत नाहीत, त्यांचं काय? वर्गातल्या परदेशी शिकायला जायचं ठरवलेल्या कुणालाही विचारा. मे २०२५ मध्ये डॉलर ८५ रुपयांच्या आसपास होता. ऑक्टोबरमध्ये तो ८८च्या वर होता. रुपया घसरण्यामागे कारणं अनेक असतात, टॅरिफचा धसका हे त्यातलं एक. फी ४० हजार डॉलर असेल तर ३ रुपयांच्या फरकाने एज्युकेशन लोनमध्ये १ लाख २० हजार रुपयांची भर पडते. शिवाय एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलर फी लागली, म्हणजे शिकल्यावर तिथे नोकरी धरून कर्ज फेडायचं गणितही अवघड झालं.

वॉशिंग मशीनचा हिशेब

टॅरिफच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो. बाहेरचा माल महाग झाला की देशातले कारखाने चालतील, स्थानिकांना नोकऱ्या मिळतील. मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आपणही आपल्या उद्योगांना वर्षानुवर्षं आयातशुल्काच्या भिंतीआड वाढवलं आहे. पण भिंतीची किंमत किती, हे मोजायला हवं.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, जानेवारी २०१८ मध्ये, बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ लागलं. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. वॉशिंग मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या होत्या. गंमत म्हणजे, कपडे वाळवायच्या ड्रायरवर टॅरिफ नव्हतंच, तरी तेही तेवढेच महागले. कारण अमेरिकेत हे दोन्ही जोडीने विकत घेतात, मग दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. देशात नव्या नोकऱ्या आल्या त्या साधारण १,८००. गिऱ्हाइकांच्या खिशातून गेलेल्या जादा पैशांना या नोकऱ्यांनी भागलं, तर एका नोकरीमागे ८ लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता.

समोरचाही गप्प बसत नाही. २०१८ मध्ये चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर उलटं शुल्क लावलं. शेतकऱ्यांचं इतकं नुकसान झालं की अमेरिकी सरकारला दोन वर्षांत सुमारे २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. एप्रिल २०२५ मध्येही अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, चीनने १२५ टक्क्यांनी उत्तर दिलं आणि मे महिन्यात जिनिव्हात बसून दोघांनी ते खाली आणलं. मधल्या काळात माल मागवायचा की थांबायचं, हे कुठल्याच व्यापाऱ्याला कळत नव्हतं. टॅरिफइतकंच नुकसान या अनिश्चिततेने होतं. पुढच्या महिन्यात दर काय असेल हे माहीत नसेल, तर नवा कारखाना कोण टाकणार आणि नवी भरती कोण करणार?

वॉशिंग मशीनचा हा हिशेब आपल्याला कसा कळला? कारण किमतींचे आकडे दर महिन्याला नेमाने गोळा होत होते. ते गोळा करतं बीएलएसच. म्हणून आता टॅरिफकडून संस्थांकडे वळू.

कात्रीत सापडलेली फेड

आपल्याकडे रिझर्व्ह बँक, तशी अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह, म्हणजे फेड. कायद्याने तिच्यावर दोन जबाबदाऱ्या टाकल्यात. महागाई आटोक्यात ठेवायची आणि रोजगार टिकवायचा. एरवी हे जमतं. महागाई वाढली की व्याजदर वाढवायचे, नोकऱ्या घटल्या की कमी करायचे. टॅरिफने मात्र पंचाईत केली. टॅरिफमुळे वस्तू महागतात, म्हणजे व्याज चढं ठेवायला हवं. त्याच टॅरिफमुळे कंपन्या भरती थांबवतात, म्हणजे व्याज कमी करायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेची महागाई २.९ टक्के होती, फेडचं लक्ष्य आहे २ टक्के. त्याच महिन्यातल्या नव्या नोकऱ्यांचा पहिला आकडा होता फक्त २२ हजार. इकडे आड, तिकडे विहीर.

ट्रम्प यांना व्याजदर झपाट्याने खाली हवे होते, अगदी १ टक्क्यापर्यंत. त्यांचं कारणही उघड आहे. अमेरिकेच्या सरकारवर २०२५ मध्ये ३७ लाख कोटी डॉलरचं कर्ज होतं आणि व्याज कमी झालं की तो बोजा हलका होतो. २०२५ मध्ये फेडचे अध्यक्ष असलेल्या जेरोम पॉवेल यांना ते 'टू लेट' म्हणून हिणवत. पॉवेल यांची या पदासाठी पहिल्यांदा निवड २०१७ मध्ये खुद्द ट्रम्प यांनीच केली होती, हे विशेष.

२५ ऑगस्ट २०२५ ला प्रकरण आणखी पुढे गेलं. फेडच्या गव्हर्नर लिसा कुक यांना पदावरून दूर केल्याचं ट्रम्प यांनी जाहीर केलं. गृहकर्जाच्या कागदपत्रांत चुकीची माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. कुक यांनी तो नाकारला आणि त्या कोर्टात गेल्या. फेड स्थापन झाली १९१३ मध्ये. तेव्हापासून एकाही राष्ट्राध्यक्षाने गव्हर्नरला असं काढलं नव्हतं. गव्हर्नरची मुदत १४ वर्षांची ठेवली आहे, ती मुळात यासाठीच की राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून गव्हर्नर बदलू नये. १ ऑक्टोबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मधल्या सुनावणीपर्यंत कुक यांना पदावर राहू दिलं.

मधल्या काळात १७ सप्टेंबरला फेडने व्याजदर पाव टक्क्याने कमी केला. बारापैकी अकरा जण या निर्णयाच्या बाजूने होते. एकाला थेट अर्धा टक्का कपात हवी होती. ते स्टीफन मिरान, व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष. तिथून बिनपगारी रजा घेऊन ते फेडवर आले होते.

पण यांना निवडून कोणी दिलं?

इथे एक प्रश्न पडायलाच हवा. पॉवेल किंवा कुक यांना जनतेने मत दिलेलं नाही, ट्रम्प यांना दिलंय. मग लोकशाहीत व्याजदरासारखा मोठा निर्णय न निवडलेल्या माणसांच्या हातात का? हा प्रश्न बरोबर आहे. फेड चुकतही असते. २०२१ मध्ये महागाई वाढू लागली तेव्हा ती तात्पुरती आहे म्हणत फेडने उशीर केला आणि त्याची किंमत सामान्य माणसाने मोजली.

तरीही उत्तर आहे, आणि ते निवडणुकीच्या वेळापत्रकात आहे. व्याजदर कमी केले की कर्ज स्वस्त होतं, बाजारात पैसा खेळतो, सगळ्यांना बरं वाटतं. हे सगळं लगेच घडतं. महागाई येते ती वर्ष-दीड वर्षाने. म्हणजे गोड आधी, कडू नंतर. निवडणूक मधे असेल, तर कुठल्या नेत्याला मोह होणार नाही?

१९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांना तो झाला. निवडणुकीच्या आधी पैसा सैल सोडावा म्हणून त्यांनी फेडचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर बर्न्स यांच्यावर दबाव टाकला. व्हाइट हाउसमधल्या संभाषणाच्या टेप्समध्ये ते सापडतं. निक्सन जिंकले. पुढे महागाईही भडकली. त्यात १९७३च्या तेलसंकटाचा वाटा होताच, पण १९७४च्या अखेरीस ती १२ टक्क्यांच्या घरात होती. ती मोडून काढायला १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यावे लागले. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली. निवडणुकीआधीच्या सवलतीचं बिल दहा वर्षांनी, वेगळ्याच लोकांनी भरलं. त्यात पहिली नोकरी शोधणारे आपल्या वयाचे तरुणही होतेच.

तुर्कस्तानात काय झालं

निक्सन फार जुने वाटत असतील, तर अलीकडचं उदाहरण तुर्कस्तानचं. तिथे हा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून झालाय.

राष्ट्राध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोगान यांचं ठाम मत होतं की, चढ्या व्याजदरांमुळेच महागाई वाढते. अर्थशास्त्राचं पहिल्या वर्षाचं पुस्तक नेमकं उलटं सांगतं. पण मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला काढायचा अधिकार एर्दोगान यांच्याकडे होता. २०१९ मध्ये एक गव्हर्नर गेले, नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरे. तिसरे, नाजी आबाल, यांनी मार्च २०२१ मध्ये व्याजदर १७ वरून १९ टक्के केला आणि दोनच दिवसांत त्यांनाही घरी पाठवलं. पुढच्या सोमवारी बाजार उघडताच लिरा हे त्यांचं चलन सुमारे १५ टक्क्यांपर्यंत कोसळलं.

नव्या गव्हर्नरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात व्याजदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला. महागाई वाढत असताना! जानेवारी २०२२ मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई ३६ टक्के दाखवली. मग काय झालं असेल? त्याच महिन्यात सांख्यिकी संस्थेच्या प्रमुखांना काढलं. आधी ब्रेक लावणारा, मग थर्मामीटर.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकडा ८५ टक्क्यांच्या वर गेला. स्वतंत्र अभ्यासकांच्या एका गटाचा आकडा याच्या दुपटीहून जास्त होता. कुठला खरा? नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. अधिकृत आकड्यावर विश्वास उरला नाही की घरमालक भाडं अंदाजाने वाढवतो, दुकानदार किमती अंदाजाने वाढवतो आणि पगार मात्र अधिकृत आकड्यानेच वाढतो. सरकारने २०२२ मध्ये किमान वेतन दोनदा वाढवलं, तरी लोक किमतींच्या मागे धावतच राहिले. २०२१च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण साडेसात लिरा मोजावे लागत. २०२३ संपताना साडेएकोणतीसच्या आसपास.

शेवटी काय? २०२३ची निवडणूक जिंकल्यावर एर्दोगान यांनी स्वतःच धोरण बदललं. नवी माणसं आणली. व्याजदर साडेआठ टक्क्यांवरून मार्च २०२४ पर्यंत ५० टक्क्यांवर गेला. वेळेवर १९ टक्के नको म्हणून जो खेळ मांडला, तो ५० टक्क्यांवर येऊन थांबला. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीलाही तिथला मुख्य व्याजदर ४० टक्क्यांच्या वर होता. विश्वास गेला की नुसता बरोबर निर्णय पुरत नाही, त्याचा दुप्पट-तिप्पट डोस द्यावा लागतो.

अमेरिका म्हणजे तुर्कस्तान नव्हे. तिथे कोर्टं आहेत, संसद आहे आणि डॉलर अजून जगाचं चलन आहे. पण एक नियम तिथेही लागू आहे. फेड ठरवते तो अल्पमुदतीचा व्याजदर. घराचं ३० वर्षांचं कर्ज किंवा सरकारचं दीर्घ मुदतीचं कर्ज किती टक्क्याने मिळेल, हे बाजार ठरवतो. फेड राजकारणासाठी व्याज कमी करतेय असं बाजाराला वाटलं, तर उद्याच्या महागाईच्या भीतीने तो दीर्घ मुदतीचं व्याज उलट वाढवतो. म्हणजे दबाव ज्यासाठी आणला, तेच हातातून निसटतं.

आकडा बदलला म्हणजे तो खोटा होता?

बीएलएसवर मुख्य आक्षेप हा की, आधी एक आकडा देतात आणि नंतर बदलतात. ऐकायला संशयास्पद वाटतं. पण आपल्याकडची मतमोजणी आठवा. सकाळी नऊला टीव्हीवर दिसतात ते कल, संध्याकाळी येतो तो निकाल. कल बदलले म्हणून कुणी निवडणूक अधिकाऱ्याला नोकरीवरून काढत नाही.

बीएलएस दर महिन्याला साधारण १ लाख २१ हजार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांकडून माहिती मागवतं. सगळे वेळेत उत्तर देत नाहीत. जेवढी उत्तरं आली त्यावर पहिला आकडा निघतो. उशिरा आलेली उत्तरं मिळवून पुढच्या दोन महिन्यांत तो दोनदा सुधारला जातो. ही पद्धत उघडपणे छापलेली आहे. प्रमुख व्यक्ती हा आकडा स्वतः काढतही नाही. अलीकडे वेळेत उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण घटलंय, त्यामुळे सुधारणा मोठ्या होतात, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे जास्त माणसं, जास्त निधी, चांगली पद्धत. प्रमुखाला काढल्याने उशिरा येणारा एकही फॉर्म लवकर येत नाही.

आणि हकालपट्टीनंतर आकडे सुधारले का? ९ सप्टेंबरला बीएलएसने सांगितलं की, मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षातल्या नोकऱ्या आधीच्या हिशेबापेक्षा सुमारे ९ लाख ११ हजारांनी कमी असाव्यात. जूनचा आकडा तर उणे निघाला. थर्मामीटर हातात कोण धरतं यावर ताप ठरत नाही. मात्र यापुढे कधी चांगला आकडा आला, तर तो खरा की खूश करण्यासाठी, ही शंका येत राहील. खुद्द ट्रम्प यांचं काम खरंच चांगलं झालं, तरी ते सिद्ध करायला त्यांच्याकडे विश्वासार्ह आकडा नसेल. त्यांचंच हे सगळ्यात मोठं नुकसान.

आपल्या अंगणात

हे सगळं वाचून 'अमेरिकेचं काय ते बघा' असं म्हणायची सोय आपल्याला नाही. जानेवारी १९५७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी झालेल्या वादातून राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरू अर्थमंत्र्यांच्या पाठीशी राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेवर जाहीर भाषण केलं आणि त्यात अर्जेंटिनाचा दाखला दिला. त्यानंतर दीड महिन्यात, १० डिसेंबरला, गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देत पद सोडलं.

आकड्यांचंही तसंच. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. रोजगाराचा अहवाल तयार असूनही जाहीर होत नाही, ही त्यांची एक तक्रार होती. तो अहवाल लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ ला जाहीर झाला. त्यात २०१७-१८ मधला बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. पक्ष कुठलाही असो, नावडता आकडा आणि नावडता गव्हर्नर कुणालाच आवडत नाही.

आपल्याकडे एक चांगली गोष्ट झाली. २०१६ पासून कायद्यानेच महागाईचं लक्ष्य ठरलं. ४ टक्के, त्यात २ टक्के वर किंवा खाली चालेल. सलग तीन तिमाही हे चुकलं, तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारण द्यायचं. २०२२ मध्ये ती वेळ आली. ते पत्र मात्र लोकांसाठी जाहीर झालं नाही.

आणि हे आकडे आपल्या घरात कसे येतात बघा. आई किंवा बाबा सरकारी नोकरीत असतील, तर त्यांचा महागाई भत्ता लेबर ब्युरोच्या महागाई निर्देशांकावरून ठरतो. घराचा ईएमआय रेपो दराला जोडलेला असेल, तर तो रिझर्व्ह बँकेच्या बैठकीवर हलतो. निर्देशांकात कुणी अर्ध्या टक्क्याची जरी हातचलाखी केली, तरी ती लाखो घरांच्या पगारात उतरेल आणि बहुतेकांना कळणारही नाही.

पुढे कशाकडे बघायचं?

मग अमेरिका कोसळली का? नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बेरोजगारी ४.३ टक्के होती आणि शेअर बाजार चढाच होता. टॅरिफमुळे लगेच हाहाकार होईल म्हणणारे अनेक जण चुकले. व्यापाऱ्यांनी आधीच माल भरून ठेवला, काहींनी नफा कमी केला. पण निक्सनच्या वेळी बिल यायला दोन वर्षं लागली होती, हेही विसरता येत नाही. काही इशारे २०२५ मध्येच दिसले. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत प्रमुख चलनांच्या तुलनेत डॉलर १० टक्क्यांहून जास्त घसरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला. सोनं महागण्यामागे बरीच कारणं आहेत, पण कागदी चलन सांभाळणाऱ्यांवरचा विश्वास डळमळला की जग सोन्याकडे वळतं, ही जुनी रीत आहे. धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात आपल्या आईला जो धक्का बसतो, त्याचा एक धागा तिथपर्यंत जातो.

चार तारखा लक्षात ठेवा. ५ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ठरली होती. यातली बरीचशी टॅरिफ ज्या आणीबाणीच्या कायद्याखाली लावली, त्यात तसा अधिकार आहे का, हा मुद्दा. खालच्या कोर्टांनी 'नाही' म्हटलं होतं. जानेवारी २०२६ मध्ये लिसा कुक यांच्या प्रकरणाची सुनावणी ठरली होती. मार्च २०२६ मध्ये आपल्या ४ टक्के महागाईच्या लक्ष्याची मुदत संपायची होती आणि पुढचं लक्ष्य ठरायचं होतं. मे २०२६ मध्ये पॉवेल यांची अध्यक्षपदाची मुदत संपायची होती.

पहिल्या तारखेचा निकाल सोलापूर आणि सीप्झच्या ऑर्डरबुकवर दिसेल. बाकी तीन तारखांचा परिणाम इतका पटकन दिसणार नाही. म्हणून त्या बातम्या आतल्या पानावर जातील आणि त्यांच्यावर रील्सही निघणार नाहीत. पण आपण पहिली नोकरी शोधायला बाहेर पडू, पहिलं कर्ज काढू, तेव्हा व्याजाचा दर काय असेल आणि महागाईचा छापून आलेला आकडा खरा मानायचा की नाही, हे त्या तीन तारखा ठरवणार आहेत.